मिस ओडेसाच्या गल्लीतला बारावा खून

ओक ट्री रोडवरची साड्यांची दुकानं आणि चाटवाले संपले की मागच्या बाजूला एक आखूड गल्ली लागते. अठरा घरं, मेपलची दोन झाडं, आणि आग विझवणाऱ्यांसाठी कोपऱ्यावर एक लाल नळ. एडिसनमधल्या या गल्लीत मे २०२४पर्यंतच्या एकोणीस वर्षांत अकरा खून झाले होते. मेलेल्यांपैकी नऊजण तेव्हाही तिथेच राहत होते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास फिरायला निघाले की एकमेकांना हात करत. उरलेल्या दोघांपैकी एकजण फ्लोरिडाला मुलीकडे राहायला गेला. दुसरा पोस्टमन; त्याला टपाल वाटायला वेगळा भाग मिळाला.

हे सगळे खून एकट्या मिस ओडेसा प्रूइटने केले, तेही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, वहीत, पेन्सिलीने.

मिस ओडेसा सतरा नंबरच्या घरात राहते. वय चौऱ्याहत्तर, उंची पावणेसहा फूट, रंग गडद, केस आखूड आणि पिंजलेल्या कापसासारखे पांढरे. एकतीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली. सकाळची खेप संपल्यापासून बालवाडीची दुपारची खेप सुरू होईपर्यंत तिला रोज दोन तास दहा मिनिटं मिळत. त्या वेळात ड्रायव्हरच्या सीटवर बसून, स्टिअरिंगवर वही टेकवून तिने पहिली रहस्यकथा लिहिली. तिची गुप्तहेर हॅटी ब्रँच हीसुद्धा काळी बाई, आणि तीही शाळेची बस चालवते. एका संपादकाने तेव्हा कळवलं होतं, की लिखाण चांगलं आहे, पण बस चालवणाऱ्या काळ्या बाईच्या एवढं सगळं लक्षात येतं हे वाचकांना पटणार नाही. मिस ओडेसाने ते पत्र फ्रिजवर लावून ठेवलं. बसमधल्या चोपन्न मुलांपैकी कोण रडून आलंय, कोणाचा डबा घरी राहिलाय आणि कोणाच्या बापाची नोकरी गेलीय, हे तिला मागे वळून न बघता आरशात दिसायचं.

पुढे दुसऱ्या प्रकाशकाने पुस्तक काढलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक पुस्तकात एक खून, आणि मरणारा माणूस गल्लीतला. नाव जरासं बदललेलं, बाकी सगळा तोच. तिची एक रीत ठरलेली होती. ज्याचा नंबर लागायचा त्याच्या दारात ती रविवारी चर्चमधून येता येता, डोक्यावरची हॅट न काढता उभी राहायची आणि विचारायची, तुम्हाला कशाची अ‍ॅलर्जी आहे का? की माणूस समजायचा. आत बोलावून चहा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगायचा, की या वेळी मी.

आता कोणी म्हणेल, मरण्यात एवढी हौस कसली? हौस होती ती तिसऱ्या प्रकरणाची. मिस ओडेसाच्या प्रत्येक पुस्तकात तिसरं प्रकरण म्हणजे अंत्यविधी. सगळी गल्ली जमते आणि एकेकजण उठून मेलेल्याबद्दल बोलतो. कोण काय बोललं, कोण रडलं, कोणी रडायचं टाळलं, सगळं सविस्तर. आपल्यामागे लोक काय बोलतील हे जिवंतपणी वाचायला मिळतं कुणाला? दाढीवाल्या दंतवैद्याने त्याचं तिसरं प्रकरण चौकटीत बसवून दवाखान्यात टांगलं होतं.

पंधरा नंबरच्या घरात देशकर राहत. नागपूरचे. मुलगा सिद्धेश कॉम्प्युटरवाला, सून चैत्राली, नात रुही, आणि सिद्धेशचे आईवडील, त्र्यंबकराव आणि सुमित्राबाई. रुहीच्या जन्माच्या वेळी सहा महिन्यांसाठी म्हणून आलेले दोघं बारा वर्षं राहिले.

त्यातल्या त्र्यंबकरावांचा खून झालेला होता. सातव्या पुस्तकात. जिल्हा परिषदेत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस नागपूरहून पाणी तापवायची रॉड घेऊन आला होता. नळाला चोवीस तास गरम पाणी असूनही तो रोज बादलीत रॉड सोडून अंघोळीचं पाणी तापवायचा, कारण नळातलं गरम पाणी अंगाला लागत नाही, असं त्याचं म्हणणं. पुस्तकात 'मिस्टर टिंबक' त्याच रॉडने गेले. तिसरं प्रकरण चौदा पानांचं. घरी पाहुणे आले की जेवण झाल्यावर त्र्यंबकराव ते पुस्तक काढत, चष्मा पुसत आणि स्वतःच्या अंत्ययात्रेचं वाचन करत.

सुमित्राबाईंचा मात्र खून झाला नव्हता.

सहा वर्षं त्या म्हणत होत्या, त्यात काय मेलंय. पण आत कुठेतरी ठुसठुसत होतं. एक तर मिस्टर टिंबक पुस्तकात ब्रह्मचारी दाखवले होते. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाच्या चितेपाशी बायकोच नाही! सुमित्राबाईंनी तेव्हा विचारलं होतं, तर मिस ओडेसा दुसरीकडे बघत म्हणाली होती, की कथेच्या सोयीसाठी. आणि गेल्या खेपेला तर कहरच झाला. नऊ नंबरमध्ये राधिका नावाची पुण्याची मुलगी राहायला आली. सहा महिने झाले नाहीत तोच अकराव्या पुस्तकात तिचा तिच्याच योगासनाच्या पट्ट्याने गळा आवळला गेला. सहा महिने! तिला गल्लीतल्या कचऱ्याचे वार पाठ झाले नव्हते, आणि तिचं तिसरं प्रकरण बावीस पानांचं.

याउलट सुमित्राबाईंचं आणि मिस ओडेसाचं किती. बारा वर्षांपूर्वी पहिल्या आठवड्यात सुमित्राबाईंनी शेजारधर्म म्हणून पुडाची वडी दिली होती. भरपूर कोथिंबीर घातलेली, वरून कुरकुरीत, खास नागपुरी. दिली ती लग्नातल्या स्टीलच्या डब्यातून. त्याच्या बुडावर नाव घातलेलं होतं: 'सौ. सुमित्रा त्र्यं. देशकर, १९८१'. चार दिवसांनी डबा परत आला तो मक्याच्या पावाने भरून. सुमित्राबाईंना फार बरं वाटलं. आपल्याकडेही कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी. त्यांनी लगेच डबा घासून पुन्हा भरला. मग कधी मिस ओडेसाचं काचेचं भांडं यायचं, तळाला चिकटपट्टीवर पेनाने 'ओ. प्रूइट' लिहिलेलं. त्यांच्या चर्चमधल्या बायका भांड्यांवर अशीच नावं घालतात. त्यातून पीचचा गोड पदार्थ यायचा, किंवा कोलार्डची पालेभाजी, मिस ओडेसाच्या स्वर्गातल्या आजीला कळू नये अशा बेताने मांस न घालता केलेली. असं बारा वर्षं चाललं होतं. कोणाकडून सुरू झालं आणि कोणी थांबवायचं, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

शिवाय शनिवार. मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात रहस्यकथांची मोठी मांडणी समोरच होती. पण मिस ओडेसाची पुस्तकं तिथे नसत. ती मागे, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, काळ्या लेखकांच्या वेगळ्या फळीवर असत. तिथे कविता, राजकारण, पाककृती आणि खून एकत्र नांदत. खुनी शोधणं सोपं, म्हणायची मिस ओडेसा, माझं पुस्तक शोधणं कठीण. म्हणून दर शनिवारी अकरा वाजता ती जाऊन आपली चार पुस्तकं, आणि तशीच मागे पडलेल्या दोघातिघांची, काखेत घेऊन समोर रहस्यकथांत नेऊन लावायची. सोमवारी दुकानातला माणूस ती परत मागे नेऊन ठेवायचा. एकोणीस वर्षांत तीन माणसं बदलली. त्यातल्या एकाने नोकरी सोडताना नव्या माणसाची तिच्याशी रीतसर ओळख करून दिली होती. सुमित्राबाईंचं काम पदर पसरून मध्ये उभं राहायचं आणि दुकानातल्या माणसाला विणकामाची पुस्तकं कुठे आहेत ते विचारायचं. दहा वर्षं त्या हे विचारत होत्या. तोही दर वेळी नव्याने सांगायचा.

एवढं असूनही बाईला आपला खून करावासा वाटू नये?

रविवार, १९ मे २०२४ या दिवशी जेवताना सिद्धेशने सांगितलं, की त्याला चार तासांवरच्या अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरी मिळाली आहे, घराला गिऱ्हाईकही लागलं आहे, रुहीची शाळा संपली की निघायचं. शनिवार, २९ जून. ट्रक बुक केलाय. चैत्रालीने मान हलवली, तिला आधीच माहीत होतं. रुही म्हणाली, "धिस इज सो अनफेअर." त्र्यंबकराव म्हणाले, रॉड हातातल्या बॅगेत घ्यायची, ट्रकमध्ये नाही.

सुमित्राबाई पोळ्या वाढत राहिल्या. त्यांच्या मनात एकच हिशेब चालला होता. मिस ओडेसाने जानेवारीतच जाहीर केलं होतं, की हे बारावं पुस्तक शेवटचं. डोळे दमले. बारा पुरेत, कोर्टात ज्युरीही बाराच असतात. पुस्तक अजून पहिल्या प्रकरणात होतं आणि कोण मरणार ते ठरलेलं नव्हतं. म्हणजे सहा आठवडे. त्यात झाला तर झाला. नाहीतर बारा वर्षं या गल्लीत काढून, कोणाची बाळंतपणं, कोणाचे गुडघे, कोणाच्या मुलांचे स्पेलिंगचे बक्षीस समारंभ सगळं करून, शेवटी कोणी काय म्हटलं ते न कळताच जायचं. अ‍ॅशबर्नला तर कोण ओळखणार होतं.

पहिले दोन आठवडे त्यांनी आडून आडून सुचवलं. आपल्याला शेंगदाणे सोसत नाहीत, असं त्या दाण्याची चटणी खाता खाता म्हणाल्या. तळघराचा जिना घसरडा झालाय असं चारदा बोलून दाखवलं. खून व्हायचा तर निदान एक वैरी हवा, म्हणून त्यांनी राधिकाशी भांडण काढलं. तिच्या कुंड्यांचं पाणी आपल्या वाटेवर येतं म्हणून. राधिका इतकी गोड, की संध्याकाळी कुंड्या हलवून वर सॉरी म्हणायला ढोकळा घेऊन आली. वैर तिथेच बारगळलं.

रविवारमागून रविवार गेले. मिस ओडेसा हॅट घालून चर्चमधून यायची, पंधरा नंबरवरून हात करत पुढे जायची. अ‍ॅलर्जीचं नाव नाही.

शेवटी त्र्यंबकरावांनी लक्ष घातलं. ते म्हणाले, तोंडी मागण्यांना किंमत नसते, अर्ज कर. आणि करायचं काय, म्हणाले, मीच करून देतो. चाळीस वर्षांत त्यांनी विहिरीपासून वर्गखोल्यांपर्यंत सगळ्यासाठी अर्ज लिहिले होते, पण हा विषय नवा होता. दोन दिवस त्यांनी मसुदा घोटला. इंग्रजीत, टाइप करून, वर उजवीकडे दिनांक. विषय: आगामी पुस्तकात खून होणेबाबत. महोदया, सविनय सादर, की अर्जदार ही गेली बारा वर्षं आपल्या शेजारी वास्तव्यास असून तिचा अद्याप एकदाही विचार झालेला नाही. अर्जदाराहून कनिष्ठ व्यक्तीस मात्र सहा महिन्यांतच संधी देण्यात आली आहे. सबब सेवाज्येष्ठतेचा विचार होऊन योग्य ते आदेश व्हावेत. सोबत: राहत्या घराचा नकाशा, नेहमीच्या औषधांची यादी, आणि अर्जदाराच्या पतीचा खून यापूर्वी झाल्याचा पुरावा म्हणून सातव्या पुस्तकाच्या पानाची प्रत.

मंगळवार, ११ जूनला सकाळी दहा वाजता सुमित्राबाई इस्त्रीची साडी नेसून तो अर्ज घेऊन सतरा नंबरला गेल्या. मिस ओडेसा मागच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिने हात पुसले, दोन चष्मे बदलून अर्ज वाचला, सोबतचा नकाशाही बघितला. मग घडी करून मांडीवर ठेवला आणि पुन्हा एक शेंग उचलली.

"सुमित्रा, तुला वाटतं मला सुचलं नाही? सातव्या वेळी तूच होतीस. दुसरं प्रकरण लिहून झालं होतं."

"मग?"

"मग मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तुझा डबा होता."

आणि मग तिने सगळं सांगितलं. तिची आजी साउथ कॅरोलायनाची. आजीचा दंडक असा, की ज्याचं भांडं आपल्या ओट्यावर आहे त्याचं वाईट चिंतायचं नाही, बोलायचं नाही, लिहायचं तर मुळीच नाही. भांडं परत गेल्यावर काय ते. इतरांना मारताना मिस ओडेसा आधी कपाटं तपासायची, कोणाची ताटली, कोणाची वाटी असेल ती परत करायची आणि मगच हॅट घालून दारात जायची. पण सुमित्राबाईंचा डबा? बारा वर्षांत असा एक दिवस नाही, की तो किंवा त्यातलं काही तिच्या ओट्यावर नव्हतं. परत करावा तर संध्याकाळपर्यंत भरून दारात हजर.

"मला तुला विधवासुद्धा करता आलं नाही," मिस ओडेसा म्हणाली. "तेही वाईटच ना? म्हणून त्याचं लग्न मोडावं लागलं. फार चांगलं लग्न होतं ते. नऊ पानं फाडली."

सुमित्राबाईंच्या डोक्यात सहा वर्षं रुतलेला काटा निघाला, पण त्या जागी दुसरा रुतला. त्या म्हणाल्या, की मग सोपं आहे, माझा डबा मला दे.

"काय भरून देऊ?"

"काही नको. रिकामा दे."

मिस ओडेसाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी चर्चमध्ये चपला भिरकावल्या. भांडं रिकामं परत करायचं म्हणजे काय, ते तिने सांगितलं. तिच्या आजीने आयुष्यात एकदाच तसं केलं होतं, सख्ख्या बहिणीचं पातेलं. त्यानंतर त्या दोघी भेटल्या त्या बहीण पेटीत निजलेली असताना. आणि सुमित्राबाई तरी रिकामा डबा घेऊन घरी जाणार होत्या का? खरं सांग, म्हणाली. सुमित्राबाईंनी खरं सांगितलं नाही, पण त्या डबा न घेताच घरी आल्या.

त्र्यंबकरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, की प्रकरण केवळ एका डब्यासाठी प्रलंबित आहे. मिस ओडेसा देत नाही आणि तू मागत नाहीस; तेव्हा तो तिथून हलवणं एवढाच मार्ग उरतो. सुमित्राबाई म्हणाल्या, चोरी? ते म्हणाले, स्वतःच्या बायकोच्या लग्नातलं भांडं, त्यावर नाव आहे, ही चोरी कशी.

शनिवार, १५ जूनला दोघी मैत्रिणी नेहमीप्रमाणे पुस्तकं हलवायला दुकानात गेल्या. त्र्यंबकराव भर दुपारी सतरा नंबरच्या मागच्या दाराने आत शिरले. ते दार कधीच बंद नसे. डबा ओट्यावर समोरच होता. त्यांनी तो उचलला आणि निघाले, पण दारापाशी त्यांचा पाय अडला. सरकारी माणूस. कोणतीही वस्तू कोणत्याही टेबलावरून उचलली तर मागे कागद हवा. ते परत फिरले. मिस ओडेसाच्या वहीतलं एक कोरं पान काढून त्यांनी लिहिलं: 'एक स्टेनलेस स्टीलचा डबा, झाकणासह, सुस्थितीत, मिळाला.' खाली सही, तारीख, वेळ. ते पान त्यांनी डब्याच्या जागी ठेवलं, वर मिठाची बरणी, आणि घरी येऊन, मोठं काम केल्यासारखे, झोपले.

अर्ध्या तासाने सुमित्राबाई दमून घरी आल्या. ओट्यावर डबा. उघडला तर काठोकाठ मक्याचा पाव. अग बाई, म्हणाल्या, एवढी पायपीट करून आणि पुन्हा हिने हे कधी केलं? त्यांनी पाव काढून ठेवला. डबा घासला, पुसला. सकाळच्या पुडाच्या वड्या होत्या, त्यातल्या आठ गरम करून भरल्या, झाकण लावलं आणि रुहीला सांगितलं, जा गं, मिस ओडेसाला गरम आहेत तोवर देऊन ये. रुही कानात गाणी घालून गेली आणि देऊन आली.

पाच वाजता त्र्यंबकराव उठून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "डबा कुठाय?"

सुमित्राबाईंनी कपाळाला हात लावला. त्र्यंबकरावांनी इतकंच विचारलं, की निदान पोच तरी घेतली का?

त्यानंतर प्रयत्न थांबले. दोन आठवडे बांधाबांध चालली. चैत्राली खोक्यांवर मोठ्या अक्षरांत लिहीत होती, किचन एक, किचन दोन. सुमित्राबाई शेजाऱ्यांचा निरोप घेत फिरल्या. सगळ्यांनी बाय केलं, सगळे म्हणाले अ‍ॅशबर्न छान आहे, तिथे खूप इंडियन आहेत. कोणी उठून दोन शब्द बोललं नाही. जिवंत माणसाबद्दल कोण बोलतं?

शनिवार, २९ जून, सकाळी साडेआठ. ट्रक पुढे गेला होता. सगळे गाडीत बसत होते तेव्हा मिस ओडेसा आली. शनिवार असून तिच्या डोक्यावर रविवारची हॅट होती. हातात डबा, झाकण घट्ट लावलेलं. खिडकीपाशी येऊन तिने तो सुमित्राबाईंच्या मांडीवर ठेवला आणि डोळ्याला डोळा न देता विचारलं, "तुला कशाची अ‍ॅलर्जी आहे?"

सुमित्राबाईंनी तोंड उघडलं.

"शेंगदाण्यांची म्हणू नकोस," मिस ओडेसा म्हणाली, "चटणी खाताना पाहिलंय मी." आणि ती वळून आपल्या घराच्या निळ्या दारातून आत गेली. दार लावून घेतलं. बारा वर्षांत पहिल्यांदा कडीचा आवाज आला.

गाडी टर्नपाइकच्या हमरस्त्याला लागली. डबा मांडीवर. त्र्यंबकराव म्हणाले, उघड. सुमित्राबाई म्हणाल्या, थांबा. स्टीलचा डबा मुळात जड, हाताला काही कळत नव्हतं. पुढच्या सीटवरून चैत्राली म्हणाली, काही गरम असेल तर वाफ धरेल, आई. तरी उघडला नाही. डेलावेअरच्या मोठ्या पुलावर गाडी चढली, खाली नदी चमकली, तेव्हा त्यांनी तो कानाशी धरून हलवला. आत काही वाजलं नाही. मग झाकण काढलं.

डबा रिकामा होता. घासलेला, पुसून कोरडा केलेला, कोपऱ्यात एक कणही नाही. तळात स्वतःचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता.

"रिकामाच दिला?" सिद्धेश आरशातून बघत म्हणाला. "इतक्या वर्षांनी? रूड आहे यार."

"तू गाडी चालव," सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी पदराने पुसता येत नव्हतं, कारण पट्टा आडवा येत होता. त्या कुशीतला डबा दोन्ही हातांनी धरून मेरीलंडपर्यंत तशाच बसल्या.

अ‍ॅशबर्नच्या घरात सामान लावताना 'किचन तीन'च्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काचेचं भांडं निघालं, तळाला चिकटपट्टी, 'ओ. प्रूइट'. घाईत द्यायचं राहूनच गेलं होतं. सुमित्राबाई कासावीस झाल्या, फोन केला. मिस ओडेसा म्हणाली, असू दे, मी मागितलंय का? एवढंच म्हणून तिने तिकडच्या उन्हाळ्याची चौकशी केली. पुढचे पंधरा महिने दोघी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलत. सुमित्राबाईंनी या काळात तिला एक करंजीही पाठवली नाही. मनात येऊन हात शिवशिवायचे. पण पुस्तक छापून होईपर्यंत धोका नको.

गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५. फराळाचं तेल तापत असताना पार्सल आलं. सुमित्राबाईंनी गॅस बंद केला. रुहीला शेजारी बसवून पुस्तक तिच्या हातात दिलं.

पान एकोणीसवर 'मिसेस समित्रा' स्वयंपाकघरात खुर्चीवर मेलेली सापडली. हातात अर्धी खाल्लेली वडी, वडीत विष. तिसरं प्रकरण चौतीस पानांचं होतं. राधिकाच्या दीडपट. अठरा घरांतून अठराजण उठले, आणि जुन्याच्या जागी आलेला नवा पोस्टमन खास सुटी काढून आला. पण स्तुती फारशी कोणी केली नव्हती. दंतवैद्याची बायको म्हणाली, की ती मला दर वेळी स्वेटर घालायला सांगायची, जुलैतसुद्धा. दुसरी एकजण म्हणाली, माझ्या गुडघ्यांबद्दलचं वाक्य तिने मला कधीच पूर्ण करू दिलं नाही, तेल कोणतं लावायचं हे मध्येच सांगायची. नंतर असं झालं, की सगळ्यांनी आणलेली एक्केचाळीस भांडी टेबलावर जमली आणि कोणतं कोणाचं हे कोणालाच सांगता येईना. ते माहीत असलेली एकटी पेटीत निजली होती. शेवटी कोणीच आपलं भांडं नेलं नाही, आणि हॅटी ब्रँच दिवे मालवायच्या आधी त्या टेबलापाशी एकटी उभी राहिली. ती काय बोलली ते लिहिलेलं नव्हतं.

रुही वाचून थांबली. "आजी, आर यू ओके?"

सुमित्राबाई म्हणाल्या, मागचं पान परत वाच, गुडघ्यांचं.

त्र्यंबकरावांचं मात्र बिनसलं. सातव्या पुस्तकात मेल्यामुळे त्यांना स्वतःच्या बायकोच्या अंत्यविधीला जाता आलं नव्हतं. त्यात खुनी निघाला मिस्टर टिंबकचा धाकटा भाऊ, आणि हॅटी ब्रँचने त्याला पकडलं ते कशावरून, तर त्याने पळवलेल्या डब्याच्या जागी सहीनिशी पोच ठेवली होती म्हणून. दोन दिवस ते तेच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, इतका मूर्ख माणूस जगात असणं शक्य नाही, बाईने इथे थोडा विचार करायला हवा होता.

स्टीलचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे. चैत्रालीने एकदा त्यात रवा भरायला काढला, तर सुमित्राबाईंनी हातातून काढून घेतला. तो रिकामाच ठेवायचा, म्हणाल्या.

पण भांडं काचेचंही होतं, आणि ते ज्याचं त्याला जायलाच हवं. शनिवारी सकाळी सुमित्राबाईंनी वड्या केल्या, कोथिंबीर जरा जास्त घालून. काचेच्या भांड्यात नीट रचल्या, भोवती दोन टॉवेल गुंडाळले, खोक्यात बसवून पोस्टात नेलं. आता मेल्यावर कोणाच्या ओट्यावर काय आहे, याने काय बिघडणार होतं.

खिडकीतल्या पोरीने पाठ केलेले प्रश्न विचारले. फुटण्यासारखं? हो. नासण्यासारखं? लवकर पोचलं नाही तर. कोणाच्या जिवाला धोका होईल असं काही?

सुमित्राबाईंनी एकोणिसावं पान आठवून पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"एकदा झालाय," त्या म्हणाल्या. "पण मलाच."

पोरीने मान वर करून बघितलं, मग खोक्यावर लाल चिठ्ठी चिकटवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.